सनद कोण देतं, सनद कोण काढतं?



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपत आली होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, चहा आला. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मावशींनी पिशवी पुढे ओढली आणि आतले कागद सतरंजीवर ओतले. वाटणीच्या दाव्याचे कागद. नवरा गेल्यावर दिरांनी सात-बाऱ्यावर नाव लागू दिलं नाही, म्हणून मावशी कोर्टात गेल्या होत्या. सहा वर्षं वकिलांकडे खेटे चालले होते. दर वेळी एकच उत्तर, “मावशी, तारीख पडली.” आणि दर वेळी कधी पाचशे, कधी हजार रुपये. आमच्यातल्या एकीच्या मुलीने मोबाइलवर दाव्याचा नंबर टाकून पाहिला. दावा तीन वर्षांपूर्वीच निकाली निघालेला! वादी गैरहजर, वकील गैरहजर, म्हणून काढून टाकलेला.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ह्याला वकिली करायचा परवाना दिला कोणी? अन् ज्यानं दिला त्याला तो काढून घेता येतो का नाही?”

आमच्यातल्या कुणालाच उत्तर येईना. मग आम्ही जाणत्यांना विचारलं, जुनं-नवं वाचलं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

वकिलाच्या परवान्याला आपल्याकडे सनद म्हणतात. शब्द जुना आहे. पेशवाईत इनामाची सनद असे, वतनाची सनद असे. आता गावठाणातल्या घराची मोजणी झाली की घरमालकाला मिळते तीही सनदच. सनद म्हणजे वरच्याने खालच्याला लेखी दिलेला हक्क. देणारा काढूनही घेऊ शकतो, हे त्या शब्दातच आलं. वकिलाच्या बाबतीत देणारा कोण, हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं. आणि देणारा जसा, तसं काढण्याचं कारणही बदललं.

1862 साली मुंबईला हायकोर्ट आलं. त्यानंतर बराच काळ वकिलांवरची शिस्त ही कोर्टाच्याच हातात होती. आपल्याकडे इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन येणारेही असत. त्यांचा परवाना लंडनच्या वकील-संस्थांकडे असे. त्या संस्थांना ‘इन’ म्हणतात.

आता आपल्या नाशिकचंच बघा. भगूरचे विनायक दामोदर सावरकर लंडनला ग्रेज इन या संस्थेत शिकले, परीक्षा पास झाले. पण 1909 साली त्या संस्थेने त्यांना बॅरिस्टरी द्यायचं नाकारलं. त्यांनी कुठल्या पक्षकाराचे पैसे बुडवले नव्हते, कुणाचा दावा बिघडवला नव्हता. अजून एक खटलासुद्धा चालवला नव्हता. कारण होतं त्यांचं राजकारण. त्याच वर्षी श्यामजी कृष्ण वर्मा यांचं नाव इनर टेंपल या दुसऱ्या संस्थेने कमी केलं. त्याच इनर टेंपलने 1922 साली गांधीजींचं नाव काढलं, कारण राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. ते नाव परत लावलं 1988 साली, म्हणजे गांधीजी जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. श्यामजींचं तर 2015 साली.

इकडे मुंबई हायकोर्टातही तेच. 1919 साली रौलट कायद्याच्या विरोधात सत्याग्रहाच्या शपथेवर सह्या केल्या म्हणून अहमदाबादच्या काही वकिलांना हायकोर्टाने नोटिसा काढल्या. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. सनद गेली नाही, पण ताकीद मिळाली: कायदा मोडायची शपथ घेणाऱ्याने वकिली करायची नाही.

ही नावं मोठी आहेत आणि त्यांची राजकारणंही एकमेकांपासून फार वेगळी होती. पण आम्हाला त्यात एक गोष्ट दिसली. त्या काळी सनद काढण्याच्या ज्या हकिकती पुस्तकांत मोठ्या अक्षरांत छापल्यात, त्या सरकार नाराज झालं म्हणून घडलेल्या. आपल्या मावशींसारखी बाई नाराज झाली म्हणून कुणाचं नाव काढलं, अशी गोष्ट शोधायला आम्हाला फार पुढे यावं लागलं.

मग बायांची फसवणूक तेव्हा होत नव्हती का? होत होती, आणि ती जवळून बघणारी बाई नाशिकमध्येच जन्मली होती. कॉर्नेलिया सोराबजी. 15 नोव्हेंबर 1866 चा जन्म. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले; आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या कॉर्नेलियाबाई पहिल्या स्त्री. 1892 साली त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. परीक्षेला बसू दिलं, पास केलं, पण पदवी हातात दिली तीस वर्षांनी, 1922 साली, कारण 1920 पर्यंत बाईला पदवी द्यायची तिथे पद्धतच नव्हती. परत आल्यावर इथेही तेच. कायद्याच्या परीक्षा पास, पण सनद नाही. का, तर बाई.

सनद नसतानाच त्यांनी काम उभं केलं. जमीनदार घराण्यातल्या पडद्यातल्या विधवा, ज्यांना परपुरुषासमोर येता येत नव्हतं, त्यांची मालमत्ता कारभारी, मुखत्यार आणि नातेवाईक खात होते. बाईने कागदावर अंगठा द्यायचा, कागदात काय लिहिलंय ते पडद्याबाहेरच्यांनाच ठाऊक. कॉर्नेलियाबाई त्या घरांत आत जाऊ शकत होत्या. 1904 पासून बंगालमध्ये सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली आणि पुढे शेकडो बायका-मुलांची प्रकरणं त्यांनी बघितली. राजकारणात त्या इंग्रजांच्या बाजूच्या होत्या, स्वातंत्र्याची चळवळ त्यांना पटली नाही. म्हणून की काय, आपल्या जिल्ह्यात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. आम्हाला मात्र वाटतं, राजकारणाचा हिशोब वेगळा ठेवून त्यांचं काम तरी मुलींना सांगावं.

त्या बायांसाठी कोर्टांनी एक नियम घालून दिला होता. पडदानशीन बाईकडून कागद करून घेतला असेल, तर तो तिला वाचून, समजावून दिला होता हे कागद करून घेणाऱ्याने सिद्ध करायचं. बाईने नाही. पुढे कोर्टांनी हे संरक्षण निरक्षर बायांनाही दिलं. आपल्यातल्या ज्यांनी न वाचता अंगठा दिलाय, त्यांनी हे लक्षात ठेवा.

1923 साली कायदा झाला आणि नुसती बाई म्हणून सनद अडवायची नाही असं ठरलं. मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. आज आपल्या तालुक्याच्या कोर्टातही काळा कोट घातलेल्या मुली दिसतात.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. 1926 साली बार कौन्सिलचा पहिला कायदा झाला. तक्रारीची चौकशी बार कौन्सिलच्या माणसांनी करायची, पण निर्णय हायकोर्टाचाच. स्वातंत्र्यानंतर 1961 साली अॅडव्होकेट्स अॅक्ट आला आणि सनद देणं व काढणं दोन्ही वकिलांच्या निवडलेल्या संस्थेकडे गेलं. आपल्यासाठी ती संस्था म्हणजे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, कचेरी मुंबईला. त्या कायद्याचं 35 वं कलम सांगतं की वकिलाने व्यवसायात किंवा अन्य प्रकारे गैरवर्तन केलं तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तक्रार कुणीही करू शकतं. शिकलेलं असलं पाहिजे, पुरुष असलं पाहिजे, मोठं असलं पाहिजे, असलं काही त्यात नाही.

पण कायदा झाला म्हणजे काम झालं असं नसतं. त्याची गोष्ट मुंबईचीच आहे.

एस्प्लनेडच्या फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहायचे. पोलिसांनी पकडलेल्याचा भाऊ नाहीतर बायको घाबरलेली येताना दिसली की धावत जायचे, हातातले कागद ओढायचे, आपसात ढकलाढकली करायचे. बाजारात गाडी थांबली की भाजीवर व्यापारी तुटून पडतात ना, तसं. हायकोर्टाकडून तक्रार आली आणि ऑगस्ट 1964 मध्ये महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने ती शिस्त समितीकडे दिली. समितीचा निकाल लागला जून 1973 मध्ये. नऊ वर्षं! तीन वर्षांसाठी सनद स्थगित. ते वकील अपिलात दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेले आणि तिथे सुटले. सुटले कसे, तर नियमाचे शब्द इतके बारीक चाळले की असं वागणं त्यात बसतच नाही असं निघालं. तेव्हा महाराष्ट्राची बार कौन्सिल स्वतः सुप्रीम कोर्टात गेली. समोरून मुद्दा आला, तुमचं काय बिघडलं, तुम्हाला अपिलाचा हक्कच काय? 1975 साली सात न्यायाधीशांनी बसून ठरवलं की हक्क आहे, कारण वकिलांची इभ्रत राखणं हे कौन्सिलचंच काम. नंतरच्या निकालात कोर्टाने हेही सांगितलं की वकिली हा धंदा नव्हे आणि गिऱ्हाईक ओढणं हे गैरवर्तनच आहे. कायद्याच्या पुस्तकात हा दाभोळकर खटला म्हणून ओळखतात.

आम्हाला यातला सगळ्यात बोचणारा आकडा तो नऊ वर्षांचा. तक्रार हायकोर्टाची, तरी नऊ वर्षं. मग सिन्नरच्या नाहीतर कळवणच्या बाईने किती धरायची? त्याच सुमारास, 1973 च्या दुरुस्तीने, कायद्यात एक कलम घातलं: राज्याच्या शिस्त समितीने तक्रार एका वर्षात निकाली काढायची, नाही निघाली तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. कागदावर हे चांगलं आहे. प्रकरण दिल्लीकडे गेलं की आपल्यासारखीला अंतर वाढतं, हेही खरं.

गैरवर्तन कशाला म्हणायचं, हे निकालांवरूनच नीट कळतं. त्यातले आपल्या कामाचे तेवढे सांगतो.

1954 सालची गोष्ट. मुंबई हायकोर्टातल्या एका वकिलाने पक्षकाराशी लेखी करार केला होता: जे पैसे वसूल होतील त्यातले अर्धे माझे. हायकोर्टाने त्याची सनद काही काळ स्थगित केली आणि सुप्रीम कोर्टानेही तेच केलं. आज बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात स्पष्ट आहे की निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या पैशात वाटा मागायचा नाही. आता सांगा, अपघाताच्या भरपाईत “इतके टक्के” हे आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय? आणि किती जणींनी तो सरकारी दर समजून दिलाय?

दुसरी गोष्ट बैजू नावाच्या एका वृद्ध गरीब शेतकऱ्याची, उत्तर प्रदेशातली. जमीन सरकारने संपादन केली, भरपाई 8,118 रुपये कोर्टात जमा झाली. वकिलाने ती 1987 साली उचलली आणि बैजूला दिली नाही. तक्रार झाल्यावर बैजूशी तडजोड झाल्याचा कागद पुढे केला. बैजू म्हणाला, हा कागद माझा नाही. बार कौन्सिलने तीन वर्षं सनद स्थगित केली. वकील शिक्षा कमी व्हावी म्हणून सुप्रीम कोर्टात गेला, आणि 2002 च्या जानेवारीत कोर्टाने त्याचं नाव कायमचं काढलं! रक्कम लहान की मोठी हे कोर्टाने बघितलं नाही. आपल्याकडे समृद्धी महामार्गाला इगतपुरी-सिन्नरकडच्या जमिनी गेल्या, आधी धरणांना गेल्या. भरपाईचे पैसे घरात यायच्या आधी किती हातांतून जातात, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट कागद अडवण्याची. “आधी फी द्या, मग फाइल देतो,” असं वकील म्हणाला की आपण गप्प बसतो. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने असंच केलं होतं. त्याची 97,100 रुपये बाकी असल्याचं त्याचं म्हणणं होतं. 2000 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, फीसाठी वेगळा दावा करा, पण पक्षकाराचे कागद अडवता येणार नाहीत. अडवणं हे गैरवर्तन. त्या वकिलाला ताकीद मिळाली.

आणि राजस्थानातल्या एका वकिलाने पक्षकाराला चिठ्ठीच लिहिली होती की न्यायाधीशाला द्यायला दहा हजार पाठवा. 2001 साली त्याचंही नाव कायमचं गेलं. न्यायाधीशाच्या नावाने पैसे मागणारा कुणी भेटलाच, तर तो बहुतेक तोंडीच मागतो. चिठ्ठी लिहिणारा विरळा.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही तुम्हाला फसवल्यासारखं होईल. दावा हरला म्हणजे वकिलाने गैरवर्तन केलं असं नाही. चूक झाली, एखादी तारीख चुकली, तेवढ्यानेही सनद जात नाही. चुकीमागे लबाडी किंवा अगदी बेपर्वाई दिसावी लागते. पुरावाही पक्का लागतो, कारण वकिलाच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. आणि सरळ वागणारे वकीलही आपण पाहिलेत, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात एक रुपया न घेता बायांची खावटीची प्रकरणं चालवणारे. रागाच्या भरात खोटी तक्रार केली तर ती अशाच कुणावर जाऊन आदळायची.

तक्रार करायची ती लेखी, सहीनिशी, आणि मजकूर खरा असल्याचं लिहून. वकिलाचं नाव, शक्य तर सनद क्रमांक (तो बहुधा वकीलपत्रावर असतो), काय झालं ते तारखांसह, आणि जोडीला कागदांच्या नकला. कौन्सिलला त्यात तथ्य वाटलं तर तीन जणांच्या शिस्त समितीकडे जातं. ती दोन्ही बाजूंना नोटीस देते, साक्षीदार आणि कागद बोलावू शकते. शेवटी तक्रार फेटाळते, किंवा ताकीद देते, किंवा सनद ठरावीक काळ स्थगित करते, किंवा नाव काढून टाकते. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत दिल्लीला अपील, त्यावर साठ दिवसांत सुप्रीम कोर्ट.

इथे मावशींनी आम्हाला अडवलं. “अन् माझा दावा? माझे पैसे?”

खरं उत्तर असं की सनद गेली तरी दावा आपोआप परत उभा राहत नाही. पैशांसाठी ग्राहक कोर्टाची वाटही आता नाही. मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. पैसे लबाडीने घेतले असतील तर पोलिसांत फिर्याद किंवा दिवाणी दावा, एवढंच उरतं. एक फसला म्हणून दुसरा दावा करा, हे बाईला सांगताना आमचीच जीभ जड झाली.

दाव्याचं मात्र थोडं बरं आहे. गैरहजेरीत काढलेला दावा परत घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. दिवस उलटले असतील तर उशीर का झाला ते सांगून माफीचा अर्ज जोडायचा. 1981 साली, रफिक नावाच्या पक्षकाराच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की खेड्यातला माणूस वकील नेमतो, फी देतो आणि विश्वासाने घरी जातो. वकील आला नाही म्हणून त्याला भोगायला लावू नये. कोर्ट दर वेळी ऐकेलच असं नाही. तीन वर्षांचा उशीर मोठा आहे. पण इतकी वर्षं खेटे घातल्याचं दाखवता आलं तर सांगायला जागा राहते.

आणि हे सगळं करायला पुन्हा फी भरावी लागत नाही. 1987 च्या कायद्याने प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, तालुक्याला समिती आहे, फोन 15100. तिथे जाताना लाजू नका, ते दान नाही. जुना वकील बदलायचाही आपल्याला हक्क आहे.

मावशी दोन आठवड्यांपूर्वी तिथे जाऊन आल्या. सोबत आमच्यातल्या दोघी होत्या. रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज दिलाय. कोणत्या तारखेला कोण हजर होतं ते त्यात असतं. पावत्या फक्त दोन सापडल्या, बाकी पैसे हातावर दिलेले. पण मावशींची नात दुसरीत होती तेव्हापासून घरी एक कॅलेंडर आहे, दुधाचा हिशोब लिहायचं. त्यावर कोर्टाला गेल्याच्या दिवसांवर फुली आणि शेजारी रक्कम. सहा वर्षांची सहा कॅलेंडरं, ओट्याखालच्या पेटीत. आता नात सातवीत आहे, ती रोज संध्याकाळी बसून त्या तारखा वहीत उतरवतेय. तिसऱ्या वर्षापर्यंत झालंय.